शहराच्या गोष्टीत शेळी कुठून आली

मी एक जुना कर्णा आहे. कर्णा म्हणजे आवाज मोठा करणारा पत्र्याचा भोंगा. मला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, बटण तर नाहीच. निमुळत्या बाजूने तोंड लावून बोलायचे, की रुंद बाजूने तेच बोलणे चौपट होऊन बाहेर पडते. एवढेच माझे काम. मित्रांनो, दिसायला मी काही देखणा नाही. माझ्या काठाला एक पोचा आहे आणि पाठीवर गंजाचे ठिपके आहेत. पण या शहराचा जन्म कसा झाला आणि त्याला त्याचे नाव कसे मिळाले, ही गोष्ट माझ्याइतक्या वेळा कोणीच ऐकली नसेल. त्या गोष्टीत एक लंगडी शेळी आहे. ती शेळी गोष्टीत कशी आली हे जगात फक्त दोघांना ठाऊक होते. एक माझे मालक आणि दुसरा मी. मालकांनी कितीतरी वर्षे तोंड उघडले नाही, आणि मला स्वतःचे तोंड असूनही स्वतःचा शब्द नाही.

माझा जन्म एका जिन्याखालच्या दुकानात झाला. दुकान कसले, एक माणूस आणि त्याची हत्यारे मावतील एवढी खोली. तिथे गाळणी, नरसाळी, डबे आणि झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या बनत. एके दिवशी एक तरुण गाईड तिथे आला आणि म्हणाला, "मला एक मोठं नरसाळं हवंय. पण ओतायला नाही, बोलायला."

कारागिराने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "किती लांब ऐकू जायला हवं?"

"विहिरीच्या तळापासून वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत."

कारागिराने पत्रा कातरीने कापला, लाकडी ठोकळ्यावर हळूहळू वाकवला आणि सांध्याला वितळलेल्या धातूचा डाख लावून तो पक्का केला. मग माझी परीक्षा घ्यायची म्हणून त्याने मला रस्त्याकडे वळवले आणि समोरच्या इमारतीत राहणाऱ्या बायकोला सांगितले, "अगं ए, चहा टाक!" गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. त्या दिवशी तीन घरांत चहा टाकला गेला, असे मागाहून कळले. तरुण गाईड खूश झाला आणि मला काखेत मारून घरी घेऊन गेला. ते माझे मालक. मालकीणबाईंनी मला उलटसुलट करून पाहिले, "ओठ कापून घ्याल," म्हणाल्या, आणि माझ्या निमुळत्या तोंडाला मऊ कापडाची पट्टी शिवून टाकली. ती पट्टी पुढे किती वेळा बदलली ते विचारू नका.

आता माझी कामाची जागा सांगतो. शहराच्या जुन्या भागात एक खोल विहीर आहे. तिला चारी बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत. देशोदेशीचे लोक ती बघायला येतात, कारण शहराची सुरुवात त्या विहिरीपासून झाली असे म्हणतात. विहिरीच्या दाराशी एक लांब बाक होता आणि त्यावर गाईड रांगेने बसत. ज्याचा नंबर येईल त्याने उठायचे आणि आलेल्या घोळक्याला पायऱ्या उतरवून खाली न्यायचे. मालकांचे काकाही तिथेच गाईड होते. मालकांना हा धंदा त्यांनीच शिकवला, आणि शिकवताना एकच नियम कानीकपाळी ओरडून सांगितला: "गाईडने 'माहीत नाही' म्हणायचं नाही. लोक पायपीट करून आलेत. प्रश्न रिकाम्या हाताने परत पाठवू नकोस." विहिरीवरचे सगळे गाईड हा नियम पाळत. काका वारले, पण नियम काही वारला नाही.

आणि गोष्ट? गोष्ट अशी होती.

फार फार वर्षांपूर्वी एक टोळी नवी जागा शोधत चालली होती. त्यांचे जुने गाव पुरात वाहून गेले होते. माणसे, जनावरे, गाठोडी, सगळे चालत होते. या माळावर आले तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाळ झाले, पण आईला सणकून ताप चढला. टोळीचा म्होरक्या म्हणाला, "उद्या सकाळी निघायचं. इथे पाणी नाही, सावली नाही." तेव्हा टोळीतली म्हातारी सुईण उठली. तिने आपली काठी जमिनीत रोवली आणि म्हणाली, "ही बाई चाळीस दिवस पाऊल उचलणार नाही. मी हिला सोडून हलणार नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा."

जाणार कोण? टोळीतल्या निम्म्या माणसांना तिनेच जगात आणले होते. म्होरक्यालाही. सगळे मुकाट्याने गाठोडी सोडून बसले. पाणी हवे म्हणून पहिल्या आठवड्यात विहीर खणली. दुसऱ्या आठवड्यात चुली मांडल्या. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी भाजी पेरली. चौथ्या आठवड्यात 'ही जागा माझी' म्हणून दोन भावांचे भांडण झाले, आणि भांडण झाले म्हणजे गाव वसलेच म्हणायचे. एकेचाळिसाव्या दिवशी सुईण म्हणाली, "बाई बरी झाली. चला आता." कोणीच उठले नाही. पुढे वाटेने जाणारे लोक विचारत, "तुम्ही कुठे राहता?" तेव्हा ही माणसे त्या सुईणीचे नाव घेऊन, "तिच्या इथे," असे सांगत. तेच नाव त्या वस्तीला पडले. वस्तीचे गाव झाले, गावाचे शहर झाले, नाव तेवढे तेच राहिले.

मित्रांनो, किती राजांनी किती शहरे वसवली असे तुम्ही वाचले असेल. हे शहर मात्र एका म्हातारीच्या हट्टाने वसले. म्हणून मला ही गोष्ट फार आवडायची. मालक ती अशी सांगत की काठी रोवली जाते त्या क्षणी लोक नकळत आपल्या पायांकडे बघत.

मला एक गोष्ट कळायची ती इतर कोणाला कळत नसे. मालकांचा श्वास माझ्यातून जाई ना! ते आठवून बोलत तेव्हा श्वास सलग येई. जुळवून बोलत तेव्हा आधी एक बारीकसा अडखळा लागे, जसा पायरी चुकताना पायाला लागतो. 'ही पायरी कोणत्या दगडाची?' किंवा 'ही खूण कसली?' असे कोणी विचारले आणि मालकांना ते ठाऊक नसले, की तो अडखळा हमखास यायचा. मग मालक काहीतरी ठोकून देत. ते किरकोळ होते. लोक ऐकून पुढच्या पायरीवर जात आणि विसरून जात.

एके सकाळी एका घोळक्यात एक मुलगी होती. पाच-सहा वर्षांची असेल. पुढचे दोन दात पडलेले, गळ्यात पाण्याची बाटली. गोष्ट संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढायला सुरुवात केली. ती मुलगी मात्र तिथेच उभी होती. तिने मालकांचा सदरा ओढला.

"बाळाच्या आईला ताप होता ना?"

"हो."

"मग बाळ चाळीस दिवस काय प्यायलं?"

आसपासचे लोक हसले. मग हसायचे थांबले आणि सगळे मालकांकडे बघू लागले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मालकांच्या काकांना कोणी विचारला नव्हता आणि काकांनीही स्वतःला कधी विचारला नसावा. मालकांचे ओठ 'माहीत नाही' म्हणायला उघडले सुद्धा. मला त्यांचा 'मा' जाणवला. मग तो अडखळा आला, आणि त्यामागून शब्द आले, "शेळी होती ना."

"कोणाची?"

"सुईणीची."

"मग ती शेळी पळून नाही गेली?"

"नाही. ती लंगडी होती. लांब जायचीच नाही."

मुलीचे समाधान झाले. तिने मान डोलावली, तोंड भरून पाणी प्यायली आणि आईमागे पायऱ्या चढून निघून गेली. प्रश्न रिकाम्या हाताने परत गेला नाही. मालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटले, ही शेळीही बाकीच्या थापांसारखी संध्याकाळपर्यंत विसरली जाईल.

पण ती शेळी चांगलीच चिवट निघाली. दुसऱ्याच दिवशी बाकावरचा दुसरा गाईड आपल्या घोळक्याला शेळीची गोष्ट सांगत होता, आणि त्याने तिच्या गळ्यात घंटाही बांधली होती. तिसऱ्याने तिचा रंग पांढरा ठरवला. विहिरीच्या दाराशी लाकडी खेळणी विकणाऱ्या सुताराने एक पाय आखूड असलेल्या शेळ्या बनवायला घेतल्या. त्या उभ्या राहीनात, म्हणून आखूड पायाखाली त्याने एक छोटा खडा चिकटवला. त्या हातोहात खपल्या. वर्षभरात समोरच्या भिंतीवर शेळीचे चित्र आले. काही वर्षांनी तिसरीच्या पुस्तकात धडा आला, आणि धड्याखाली प्रश्न होता: 'शेळी लंगडी का होती? पाच ओळींत उत्तर लिहा.' मुलांनी काय काय लिहिले असेल, याचा विचार मी अजून करतो.

मालकांनी एकदा शेळी वगळून गोष्ट सांगून पाहिली. मला वाटते, त्यांचे मन त्यांना खात असावे. गोष्ट संपते न संपते तोच चारही बाजूंनी ओरडा झाला, "शेळी राहिली! शेळी राहिली!" मालकांनी निमूटपणे शेळी आणली.

याच काळात मालकांना मुलगी झाली. तिला घरात पिटू म्हणत. पिटूला झोपवताना मालक तीच गोष्ट सांगत, माझ्याशिवाय, हळू आवाजात. मी खुंटीवरून ऐकायचो. चार वर्षांची असताना ती एक पाय ओढत घरभर लंगडत फिरायची. ती सुईण व्हायची नाही, बाळ व्हायची नाही. ती शेळीच व्हायची. मालक ते बघून हसत, आणि हसताना मध्येच गप्प होत.

माझ्याही कौतुकाचे दिवस होते, मित्रांनो. लोक माझ्याबरोबर फोटो काढत. लहान मुले माझ्यात तोंड घालून 'हॅलो' म्हणत आणि स्वतःच दचकत. एकदा मी मालकांच्या हातातून निसटलो आणि अकरा पायऱ्या गडगडत गेलो. तो पोचा तेव्हाचा. मालक धावत खाली आले आणि त्यांनी माझी चौकशी अशी केली, जशी माणसाची करावी.

मग ती छोटी यंत्रे आली. तिकीट काढले की एक पट्टा गळ्यात आणि एक छोटे बोंड कानात. कोणा परक्याच बाईचा गोड आवाज सगळ्यांना एकच गोष्ट सांगू लागला. शेळी त्यातही होतीच. लोक एकमेकांशेजारून एकटे एकटे फिरू लागले. बाकावरचे गाईड एकेक करून कमी झाले. मालकांचे गुडघेही पायऱ्यांना कंटाळले होते. त्यांनी काम सोडले आणि मी बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर जाऊन पडलो, एक मोडकी छत्री आणि एक रिकामी सूटकेस यांच्या मधोमध. एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला. मला त्याचा राग आला नाही, कारण तेवढीच सोबत होती. वाईट वाटले ते एवढ्याचे, की वर्षानुवर्षे माझ्यातून एक शब्दही गेला नाही.

पिटू मोठी झाली आणि शहराच्या संग्रहालयात जुन्या कागदांच्या विभागात नोकरीला लागली. तिने शहराच्या नावावर एक पुस्तिका लिहायला घेतली. ते नाव कुठून आले, कोणी कधी लिहून ठेवले, हे ती दिवसेंदिवस पिवळ्या कागदांत शोधत होती. त्याच सुमारास पालिकेने ठरवले की विहिरीच्या दाराशी शेळीचा पितळी पुतळा बसवायचा. त्याखालच्या दगडी पाटीचा मजकूरही पिटूनेच लिहायचा होता.

एके संध्याकाळी ती चहा घेताना म्हणाली, "बाबा, एक गंमत आहे. सगळ्यात जुनी नोंद एका प्रवाशाची आहे. त्यात सुईण आहे, ताप आहे, चाळीस दिवस आहेत, विहीर आहे. शेळी नाही. तुम्हाला शेळीची गोष्ट कोणी सांगितली?"

मी कपाटावर होतो, मालक खाली खुर्चीत होते. तरी तो अडखळा मला ऐकू आला.

"काकांनी," मालक म्हणाले.

"नक्की?"

"अगं, मी काय तुला खोटं सांगेन?"

पिटूचा चेहरा उजळला. "मग झालं तर! कागदात नसली तरी तोंडी चालत आलेली आहे. मी तसंच लिहिते. समितीत एकाने विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, माझ्या बाबांचा शब्द."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की मला कोणीतरी खाली घ्यावे, तोंड लावावे आणि खरे काय ते सांगून टाकावे. पण कर्ण्याला कोण विचारतो? पुस्तिकेवर पिटूचे नाव छापले जाणार होते. पाटी दगडाची होती. ज्या मुलीने आयुष्यात कधी पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, ती आता बापाच्या एका थापेवर आपली सही करणार होती.

मालकांची अन्नावरची वासना उडाली. मालकीणबाईंच्या नजरेतून ते सुटणे शक्यच नव्हते.

"दोन दिवस झाले, ताटात नुसती बोटं फिरवताय. दाढ दुखतेय का?"

"हो. दाढच."

"मग चला डॉक्टरकडे."

"आता थांबली दुखायची."

"बरी सोयीची दाढ आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि भांडी आत घेऊन गेल्या.

शनिवारी दुपारी पिटू छापखान्यातून आलेले कच्चे कागद घेऊन आली. "बाबा, छपाईच्या आधी एकदा नजर घाला." मालकांनी कागद हातात घेतले नाहीत. त्यांनी स्टूल ओढले, दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावर चढून मला खाली काढले. कोळ्याचा संसार एका फुंकरीत गेला. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने मला पुसले.

"तिकडे दारापाशी उभी राहा," ते म्हणाले.

"बाबा, खोली बारा फुटांची आहे. शेजारी काय म्हणतील?"

"उभी राहा म्हटलं ना. मला ही गोष्ट दुसऱ्या कशाने सांगताच येत नाही."

पिटू हसत दाराशी उभी राहिली. मालकांनी मला तोंडाला लावले आणि कितीतरी वर्षांनी माझ्यातून ती गोष्ट वाहू लागली. पूर आला, टोळी निघाली, कळा सुरू झाल्या. काठी रोवली गेली तेव्हा पिटूनेही आपल्या पायांकडे पाहिले. मग ते चाळीस दिवस सुरू झाले, आणि मालक थांबले.

"इथे शेळी नाही," ते माझ्यातून म्हणाले. "काकांनी शेळीचं कधी नाव काढलं नव्हतं. एका मुलीने विचारलं, बाळ काय प्यायलं. मला ठाऊक नव्हतं. मी शेळी सांगितली. ती शेळी माझी आहे."

मालकांचा श्वास पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग होता. मी शपथेवर सांगतो.

पिटू उंबऱ्यावर खाली बसली. "मी परवा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

मालकांनी मला खाली घेतले. "तोंडाला सवय झालीय. आधी एका मुलीला सांगितलं. मग शंभर लोकांना. मग तू लंगडत घरभर फिरायला लागलीस. तेव्हा कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"मी तुमचा शब्द दिला हो तिथे! पुरावा म्हणून दिला!"

"म्हणून तर सांगतोय."

पिटू उठली. तिने कागद गोळा केले आणि न जेवता निघून गेली. मालक मला मांडीवर घेऊन बसून राहिले. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते, आणि ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मी मध्ये होतो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता जेवा." पण त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. मालक दोन दिवस दाराकडे कान लावून होते. लोक हसतील याची त्यांना धास्ती होतीच, पण खरी धास्ती वेगळी होती. आपल्या मुलीने यापुढे आपल्याला काही विचारायचेच सोडून दिले तर?

सोमवारी संध्याकाळी पिटू आली. चप्पल काढता काढताच बोलू लागली. शनिवारी ती इथून निघाली ती थेट पाथरवटाकडे गेली होती. त्याने पाटीवर 'प्राचीन कथेनुसार' एवढी अक्षरे कोरून संपवली होती. "खोडता येत नाही, बाई. हा दगड आहे, पाटी-पेन्सिल नाही," तो म्हणाला. मग दोघांनी मिळून दगड उलटा केला. मागची बाजू कोरी होती. मजकूर आता तिकडे कोरायचा आणि 'प्राचीन' भिंतीकडे तोंड करून राहणार. मग ती समितीकडे गेली. अध्यक्ष म्हणाले, "असू दे की शेळी. कोणाचं काय बिघडतंय?" पिटू म्हणाली, "शेळी असू दे. 'प्राचीन' जाऊ दे." तासभर हुज्जत झाली. शेवटी अध्यक्षांना जेवायला जायचे होते म्हणून त्यांनी मान्य केले.

"तू रागावली नाहीस?" मालकांनी विचारले.

"रागावलेय. अजून आहे राग." ती त्यांच्या शेजारी बसली. "पण मी ती जुनी नोंद पुन्हा वाचली. प्रवाशाने लिहिलंय, 'या गावाला हे नाव का, असे मी विहिरीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारले.' आणि मग त्या म्हाताऱ्याने त्याला सुईणीची गोष्ट सांगितली. बाबा, तो म्हातारा कोण असेल?"

मालकांनी डोके खाजवले. "विहिरीपाशी बसलेला? आमच्याच धंद्यातला असणार."

आणि दोघेही हसू लागले. इतके हसले, की मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. हसता हसता पिटू एकदम थांबली.

"मग सुईण तरी खरंच होती का?"

मालकांनी तोंड उघडले. तो जुना अडखळा आला. मला वाटले, आता काठीचे लाकूड कोणते होते तेही सांगतात की काय. पण मालकांनी तो अडखळा गिळला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

चाळीस वर्षे मी त्यांच्या ओठांना लागलेला आहे. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मला केवढी उत्सुकता वाटू लागली म्हणून सांगू! ती गोष्ट मला इतकी पाठ होती की तिच्याबद्दल विचार करायचेच मी सोडून दिले होते. आता एकदम सगळेच प्रश्न उभे राहिले. काठी खरेच रोवली होती का? एकेचाळिसाव्या दिवशी कोणीच कसे उठले नाही? की हे सगळे शहर कोणा एका मुलाने विचारलेल्या 'का?' वर उभे आहे, आणि ज्याला तो प्रश्न रिकाम्या हाताने परत पाठवणे जिवावर आले अशा एका म्हाताऱ्यावर?

"असंच लिहू पुस्तिकेत?" पिटूने विचारले.

"लिही."

मग तिने पाटीचा नवा मजकूर वाचून दाखवला. 'शहराच्या जुन्या कथेत ही शेळी नव्हती. एका रडणाऱ्या मुलीची समजूत काढण्यासाठी ती या विहिरीवरच्या एका गाईडने कथेत आणली. ते हा मजकूर लिहिणाऱ्या लेखिकेचे वडील.'

मालक ताठ बसले. "हे चूक आहे."

पिटूच्या कपाळावर आठ्या आल्या. तिला वाटले, बाबांना आपला उल्लेख नको आहे. "कुठलं, बाबा?"

"ती रडत नव्हती. विचारत होती. ते बदल."

पिटूने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग पेन्सिल काढली, एक शब्द खोडला आणि त्यावर दुसरा लिहिला. तीस वर्षे त्या एका सकाळबद्दल तोंड न उघडणारा माणूस आता तिच्यातला एक शब्दही इकडचा तिकडे होऊ देईना. पत्र्याला डोळे नसतात, नाहीतर माझे भरून आले असते.

पुतळा बसला. त्या दिवशी मालकांनी पाटी माझ्यातून वाचून दाखवली. काही लोक हसले, काही नाराज झाले. खेळण्यांचा सुतार आठवडाभर मालकांशी बोलला नाही. मग त्याच्या लक्षात आले की लोक आता शेळी हातात घेऊन आणखी चार गोष्टी विचारतात आणि विचारता विचारता दोन विकत घेतात. त्याचा राग तिथेच विरघळला.

मित्रांनो, जाता जाता माझे एक मागणे आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू घरात असतील तर त्यांना कोरड्या फडक्याने पुसत जा. ओले नको, गंज चढतो. जुन्या गोष्टींना मात्र फडक्यापेक्षा जास्त जपावे लागते. त्यांत भर घालू नका असे मी म्हणणार नाही, ते कोणालाच जमलेले नाही. भर घाला, पण कोणी विचारले तर 'हा तुकडा माझा' असे सांगायला लाजू नका. आणि विचारायला तर मुळीच लाजू नका. मालक हल्ली रोज सकाळी विहिरीच्या दाराशी बाकावर बसतात आणि मी त्यांच्या मांडीवर असतो. त्यांना काहीही विचारा. माहीत असेल ते सांगतील. माहीत नसेल तेव्हा मला उचलून तोंडाला लावतील आणि तसे सांगतील, विहिरीच्या तळापासून वरच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.